विंडवेन की ऑटोपायलट? दोघांच्याच बोटीसाठी

गेल्या महिन्यात सांगलीहून एक जोडपं आमच्याकडे साताऱ्याला येऊन गेलं. दोघंही नोकरीतून मोकळे झालेले. जुनी ३४ फुटी शिडाची बोट घेतलेली, यंदा कोकण किनारा आणि पुढच्या मोसमात मालदीव असा बेत. चहा यायच्या आत त्यांनी टेबलावर दोन कोटेशनं ठेवली, एक विजेच्या ऑटोपायलटचं आणि एक विंडवेनचं. "पैसे एकाचेच आहेत. तुम्ही दोन्ही वापरलंय, तुम्हीच सांगा." मी बोलायला लागलो आणि त्यांची सांगलीची शेवटची एसटीसुद्धा चुकायची वेळ आली. तेव्हा अर्धवट राहिलेलं इथे पुरं करतो.

यंत्रांचं थोडक्यात: ऑटोपायलट कंपास बघून विजेच्या दट्ट्यानं सुकाणू ढकलतो. विंडवेन बोटीच्या मागे बसते, तिचा पंखा वारा ओळखतो आणि पाण्यातलं पातं दोऱ्यांनी सुकाणू ओढतं. बाकीचं सांगत बसत नाही, बोट घेणाऱ्याला ते माहीत असतं. एवढंच लक्षात घ्या की दोघांच्या बोटीवर एक जण पहाऱ्यावर असतो तेव्हा दुसरा झोपलेला असतो. सुकाणूवर बसायला तिसरा लागतो. त्या तिसऱ्याची ही निवड आहे.

किनाऱ्यालगत ऑटोपायलट सरस, यात मला वाद नाही. नोव्हेंबर ते मार्च आपल्या किनाऱ्यावर पहाटे मतलई वारा असतो, दहाच्या सुमारास तो मरतो, आणि दुपारी खारा वारा येईपर्यंत समुद्र तेलासारखा पडून राहतो. मग इंजिन. इंजिनावर विंडवेन बिनकामाची, कारण तिला लागणारा वारा बोटीनंच तयार केलेला असतो. शिवाय जाळी. मुरूडपासून वेंगुर्ल्यापर्यंत थर्माकोलचे तुकडे आणि काळे बावटे चुकवत जायचं, तर दहा अंश डावीकडे, दहा अंश उजवीकडे असं बटणावर करता आलेलं बरं.

विंडवेनचा दुसरा दोष किनाऱ्यावरच कळतो. ती दिशा धरत नाही, वारा धरते. मालवणहून देवगडकडे पहाटे येताना वारा पूर्वेकडून आग्नेयेला सरकला आणि बोट निमूटपणे किनाऱ्याकडे वळली. शिडं तशीच भरलेली, बोट तशीच कललेली, काही बदललंय असं अंगाला जाणवतच नाही. मी कोकमाचं सरबत ढवळत होतो. कंपासकडे नजर गेली म्हणून बरं.

अर्थात दिशेच्या बाबतीत ऑटोपायलटही अगदी धुतल्या तांदळासारखा नाही. त्याचा कंपास आमच्याकडे स्वयंपाकाच्या ओट्यामागच्या कपाटात बसवलेला होता. एका रात्री भाकरी झाल्यावर हिनं लोखंडी तवा धुऊन त्या कपाटात ठेवला. बोट वीसेक अंश फिरली आणि पडद्यावरचा आकडा मात्र बरोबरच! वायर, फ्यूज, सुकाणू सगळं तपासून झालं. तवा सापडायला तास गेला.

आता खोल पाणी.

कोचीहून मालदीवच्या उत्तर टोकाला, उलिगामूला, सुमारे अडीचशे सागरी मैल. फेब्रुवारीत वारा ईशान्येचा, लाटा मागून तिरक्या. प्रत्येक लाट बोटीचा मागचा भाग ढकलते आणि सुकाणूला ती परत सरळ करावी लागते. आमच्या बोटीत ऑटोपायलटचा दट्ट्या मागच्या बंकाखाली होता, म्हणजे जो झोपायचा त्याच्या उशीखाली. दर चार-पाच सेकंदांनी ऊंऽऽ, मग जरा थांबून ऊं, मग लांबलचक ऊंऽऽऽ. पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरताना जो आवाज होतो, त्याच जातीचा. बंदरात चाचणी घेताना तो मला गोड वाटला होता. विकणाऱ्यानं तेव्हा इंजिन चालू ठेवलं होतं, हे नंतर आठवलं.

पहिल्या रात्री आम्ही कानात कापूस घातला. दुसऱ्या रात्री हिची झोपायची पाळी सुरू होऊन तास झाला असेल, ही वर आली. "तुम्ही जा खाली. मी बसते. खाली कुणीतरी रात्रभर कण्हतंय." मी खाली गेलो. आवाज चालू असेपर्यंत डोळा लागत नाही, हे एक. त्याहून वाईट म्हणजे तो थांबला की दचकून जाग येते. थांबला म्हणजे काय झालं? लाट शांत झाली, बॅटरी बसली की दट्ट्या निखळला? पुढचं ऊंऽऽ येईपर्यंत श्वास रोखून पडून राहायचं. मधल्या केबिनमध्ये जमिनीवर गादी टाकून पाहिली. फायबरची बोट म्हणजे तंबोऱ्याचा भोपळा, आवाज सगळीकडे सारखाच.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही चहातल्या साखरेवरून भांडलो. तेही ठीक, संसारात चालतं. पण पोवळ्यांच्या बेटाजवळ येताना मी चार्टवरची खोली दोनदा चुकीची वाचली. दुसऱ्यांदा हिनं पकडली. तिथेच माझ्यापुरता निकाल लागला. अचूकता, वीज, किंमत ही सगळी कारणं मी नंतर गोळा केली, हे कबूल करतो.

विजेचं म्हणाल तर मोजमापाचा माझा दावा नाही. बॅटऱ्या साध्या शिशाच्या, २०० अँपिअर-तासांच्या, म्हणजे निम्म्याच वापरायच्या. तसल्या समुद्रात रात्रभरात चाळीस-पन्नास ऑटोपायलटच खायचा. मग पहाटे इंजिन लावून चार्जिंग, आणि पहाटे तर झोप सगळ्यात गाढ लागते.

पुढच्या मोसमात विंडवेन बसवली. त्याच महिन्यात, त्याच वाटेनं निघालो. आवाज फक्त पाण्याचा, आणि अधूनमधून कप्पीची एखादी करकर. ही पहिल्याच रात्री सलग चार तास झोपली आणि उठल्यावर विचारलं, "वारा पडला का?" वारा पडला नव्हता, चांगला वीस नॉटचा होता. वारा वाढला, बोट पळायला लागली की पाण्यातलं पातं उलट जास्त जोर लावतं. आपण घाबरायला लागतो तेव्हा ती रंगात येते. नाव तिला हिनंच दिलं. समर्थांच्या अकरा मारुतींच्या मुलखातली माणसं आम्ही, वाऱ्याच्या लेकाला दुसरं काय म्हणणार? बारावा मारुती. फक्त या मारुतीला तेल चालत नाही. त्याची बेअरिंगं प्लास्टिकची. तेल-ग्रीस लावलं की मीठ आणि धूळ चिकटून घट्ट होतात. गोड्या पाण्याचा तांब्या ओतायचा, बस्स.

तो सरळ चालत नाही, हेही सांगून ठेवतो. जीपीएसवरची रेघ गोमूत्रिकेसारखी दिसते, दहा-पंधरा अंश इकडे, दहा-पंधरा तिकडे. मागून येणारा वारा मंद असेल तर तो पेंगतोच. शिडं नीट तोलली नाहीत, कमी करायला उशीर केला, तर तो हट्टानं वाकडा जातो. मला त्याचा राग येत नाही, कारण चूक बहुतेक वेळा माझीच असते. ऑटोपायलट माझी चूक मुकाट्यानं ओढत राहायचा आणि बिल बॅटरीवर फाडायचा.

जागाही तो बळकावतो. पोहायची शिडी बाजूला सरकवावी लागली आणि छोटी होडी मागे टांगायचा विचार सोडून द्यावा लागला. जाळ्याची दोरी पात्यात अडकली तर सगळं यंत्र उखडू नये म्हणून एक नळी मुद्दाम कच्ची ठेवलेली असते. आमची जयगडच्या बाहेर तुटली. बदली नळी परदेशातून यायला वेळ लागणार, म्हणून तुकडे घेऊन साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे गेलो. दोन दिवसांत त्यानं दुप्पट जाडीची, आरशासारखी चकचकीत नळी हातात ठेवली. "साहेब, आता जन्मात तुटणार नाही." ती तुटायलाच हवी, हे त्याला पटवायला दोन चहा लागले. तरी बघा, साताऱ्यात दुरुस्त होऊ शकली. ऑटोपायलटचा डबा बिघडला तेव्हा तो कुरिअरनं गेला आणि मोसम संपल्यावर परत आला.

मोठ्यांची उदाहरणं दोन्हीकडून देता येतात. अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब या एकट्यानं जग फिरायच्या शर्यतीत विंडवेनवरच जग फिरून दुसरे आले. त्या शर्यतीच्या नियमांत विजेचा ऑटोपायलट बसतच नाही. उलट मुंबईत बांधलेल्या 'सुहेली'वरून १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्यानं जग फिरलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचं स्वयंचलित सुकाणू वाटेत निकामी झालं, आणि उरलेला प्रवास त्यांनी शिडं तोलून आणि हातानं सुकाणू धरून केला. तेव्हा मारुतीसुद्धा अमर नाही.

सांगलीकरांना मी एवढंच म्हणालो. मालदीवचा बेत नुसता बोलण्यापुरता असेल आणि मुक्काम मांडवा ते गोवा एवढाच राहणार असेल, तर ऑटोपायलट घ्या आणि सुखानं राहा. लिथियमच्या बॅटऱ्या, भरपूर सोलर आणि झोपायच्या जागेपासून लांब बसवलेला चांगला दट्ट्या असेल, तर माझं रडगाणं तुम्हाला लागूही होणार नाही. आमच्या सुकाणूला दांडा आहे, त्यामुळे विंडवेनच्या दोऱ्या थेट बांधता आल्या. तुमच्याकडे चाक असेल तर दोऱ्या ढिल्या पडण्याचा त्रास थोडा जास्त.

पण रात्री खरंच बाहेर काढायच्या असतील, तर मी विंडवेनचं कोटेशन वर ठेवीन. इंजिनाच्या तासांसाठी लहानातला लहान टिलर पायलट, म्हणजे सुकाणूच्या दांड्यावर बसणारा छोटा ऑटोपायलट, जुना मिळाला तर घ्या. तो सुकाणूला नाही, विंडवेनच्या पंख्याच्या जागी जोडायचा. त्यानं नुसती बोटानं खूण केल्यासारखं ढकलायचं, ओझं पाण्यातलं पातं उचलतं. वीज नावापुरती लागते. आणि आवाज मागे उघड्यावर, लाटांत विरून जातो.

वहिनींनी मात्र एकच विचारलं, तो आवाज नक्की कसा असतो. मी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं. अर्ध्या मिनिटात आतून हिचा आवाज आला, "बंद करा आधी ते."