मानपत्र लिहून घ्यायचं असेल तर सांगलीतलं हे दुकान

सेवापूर्ती, सत्कार, अमृतमहोत्सव असं काही असेल आणि मानपत्र पाहिजे असेल तर सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बाजूला एक जुनं छपाईचं दुकान आहे तिथं जा. नाव टाकत नाही कारण मालक काकांनीच नको म्हटलंय, त्यांचं आधीच काम उरकत नाही, पण पेठेत मानपत्रवाले काका कुठं बसतात विचारलं की कुणीही सांगतं. पत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स सगळं करतात, मी लिहितोय ते फक्त मानपत्राबद्दल.

आमच्या कृष्णाकाठच्या गावातले झेडपी शाळेचे गुरुजी ३१ मे ला रिटायर झाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, त्या पिढीत शाळेत नाव घालताना जन्मतारीख सरसकट १ जून लावायचे, त्यामुळं ३१ मे ला गावोगाव सेवापूर्तीचे कार्यक्रम आणि सगळ्या छपाईवाल्यांकडं झुंबड. आम्ही माजी विद्यार्थ्यांनी आधी दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी केली, तिथं मजकूर तयारच होता, फक्त नाव आणि शाळा बदलायची. ज्ञानदानाचे पवित्र कार्य, अष्टपैलू व्यक्तिमत्त्व, सुसंस्कारित पिढी घडवणारे, आणि हाच्या हाच मजकूर मी आदल्या वर्षी शेजारच्या गावात एका बाईंच्या सत्काराला ऐकला होता. दोन वेगळी माणसं, दोघांची सगळी नोकरी, आणि कागद एकच. मला ते फार लागलं.

काकांकडं गेलो तर त्यांनी आधी कागद पुढं केला आणि म्हणाले गुरुजी कसे आहेत ते लिहू नका, गुरुजींनी काय काय केलं ते लिहा. आम्ही मनमिळाऊ, शिस्तप्रिय असं लिहून ठेवलं होतं ते सगळं बाजूला ठेवलं. मग एकेक विचारत गेले, शाळेत किती वाजता यायचे, पोरगं गैरहजर असलं तर काय करायचे, रागावले तर काय म्हणायचे, ऊसतोडीच्या हंगामात पट टिकवायला काय खटपट केली. बोलता बोलता एक पोरगी म्हणाली की ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाळेत पाणी शिरलं तेव्हा ओसरल्यावर गुरुजींनी लायब्ररीची पुस्तकं पान पान सोडवून व्हरांड्यात वाळत घातली होती, आम्ही पोरं दगड ठेवायला होतो. काकांनी तिथंच लिहायला घेतलं.

आणि यांची खरी कला पुढंच आहे. मानपत्र हा कागद भिंतीवर लागतो हे खरं पण त्याच्या आधी तो माइकवर वाचला जातो, समोर म्हातारी माणसं, रडणारी लहान पोरं, स्पीकरची घरघर, आणि त्यात ऐकणाऱ्याला एकदाच ऐकून कळलं पाहिजे. म्हणून काका प्रत्येक वाक्य मोठ्यांदा म्हणून बघतात, दम पुरला नाही की तोडतात. ‘आपण’ची भाषा मात्र ठेवतात, आपण आलात, आपण शिकवलंत, कारण मानपत्र समोर बसलेल्या माणसाशी बोलतं, त्याच्याविषयी नाही. हल्ली अर्धी मानपत्रं बातमीसारखी लिहिलेली असतात, ‘सरांनी अनेक उपक्रम राबविले’, आणि सर तिथंच खुर्चीत बसलेले असतात! शेवटी ‘आपले गुणानुरागी’ आणि खाली ग्रामस्थ, हे जुनं वळणही त्यांनी सोडलेलं नाही.

एका गोष्टीवरून थोडी वादावादी झाली. आमच्या कमिटीतल्या एका दादांना वर ‘शिक्षणमहर्षी’ पाहिजेच होतं. काकांनी शांतपणे सांगितलं, भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, वसतिगृहं चालवली, आणि लोक त्यांना कर्मवीर म्हणायला लागले. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ ला महिला विद्यापीठ उभं केलं, लोकांनी महर्षी म्हटलं. पदवी लोकांच्या तोंडून आली पाहिजे, ती ऑर्डर देऊन छापायची नसते. गावात गुरुजींना लोक गुरुजीच म्हणतात ना, मग तेच मोठ्या अक्षरात टाकू. मला हे शंभर टक्के पटलं. आज कुठल्याही चौकात बघा, प्रत्येक फ्लेक्सवर कार्यसम्राट आणि भाग्यविधाते आहेत, एवढे की वाचणारा मान वर करत नाही, आणि उद्या खरंच कुणी मोठं काम केलं तर त्याला द्यायला आपल्याकडं शब्द उरणार नाही. ज्या जिल्ह्यात येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील बांधावरच्या भाषेत बोलून सभा जिंकायचे, ज्या सांगलीत १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर नाटक उभं केलं, तिथं तरी बोललेल्या शब्दाची एवढी नासाडी होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आमच्यातल्या एकानं फोनवर एआयकडून पण मजकूर काढला होता, मराठी चांगलं होतं, पण आख्ख्या पानात आमचे गुरुजी नव्हते.

कार्यक्रमात पुस्तकांचं वाक्य आलं तेव्हा मागं बसलेल्या बायका ‘होय, होय, वाळत घातलेली’ असं मोठ्यानं म्हणाल्या. वाचणाऱ्या मॅडमना थांबावं लागलं. गुरुजी नंतर भाषणात आपलं म्हणून काही बोललेच नाहीत, त्या पुरात कुठली पोरं मदतीला होती त्यांची नावं घेत बसले.

आता कमी पडलं ते पण लिहितो. प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून येतं, टाइप केलेला मजकूर मिळत नाही, कारण काकांचा सगळा कारभार जुन्या फॉन्टमध्ये आणि कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळं तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर टाइप करतो तसं, पाठवलेलं सगळं ऑपरेटर परत टाइप करतो आणि तिथं चुका होतात. आमच्याकडं ‘विद्यार्थी’चा र्‍हस्व दीर्घ दोनदा सुधारावा लागला. बॉर्डर सोनेरी आणि फार जाड, साधी मागितली तर नाही म्हणाले. सांगितलेल्या दिवशी तयार नव्हतं, संध्याकाळपर्यंत बसावं लागलं, आणि गाडी लावायला तिथं जागा अजिबात नाही. लिहिणं, छपाई आणि काचेची फ्रेम मिळून १,८०० रुपये घेतले, तयार मजकूरवाल्यांपेक्षा जास्त आहेत पण मला महाग वाटले नाहीत.

मे महिन्यात काम असेल तर निदान पंधरा दिवस आधी जा, आणि जाताना कमिटीचे अध्यक्ष नसले तरी चालतील, त्या माणसाला रोज बघितलेली दोन माणसं बरोबर न्या.