ट्रॅक डेसाठी टायर: रस्त्याचेच चांगले की वेगळ्या रिमवर सेमी-स्लिक?

पुण्याहून स्विफ्ट चालवत कोइंबतूरच्या कारी स्पीडवे या रेस ट्रॅकवर ट्रॅक डेला (आपली गाडी ट्रॅकवर जोरात चालवायचा दिवस) जाणाऱ्या मित्राचा प्रश्न: रस्त्यावरचे परफॉर्मन्स टायर पुरतील, की दुसऱ्या रिमवर सेमी-स्लिक (ट्रॅकसाठीचे, मऊ रबराचे, कमी खाचांचे टायर) घ्यावेत?

पकड सेमी-स्लिकचीच जास्त, पण तापल्यावर. पहिल्या लॅपला ते थंड असतात, तेव्हा जपूनच. रस्त्याचे टायर लगेच पकडतात, मात्र सलग जोरात चालवलं की जास्त तापून ढिले पडतात. पण पकड सुटण्याआधी ते किंचाळून सांगतात आणि ती हळूहळू सुटते. शिकणाऱ्यासाठी मला हे फार मोलाचं वाटतं.

खर्च? चार टायर, चार रिम, वर ते न्यायची सोय. ट्रेडवेअर (टायर किती टिकेल याचा त्यावर छापलेला आकडा) २०० च्या आसपासचं मऊ रबर लवकर झिजतं, ३०० च्या पुढचं सहसा टिकतं. पावसात कमी खाचांचे सेमी-स्लिक पाण्यावर तरंगतात. एवढ्या लांबच्या प्रवासात ते गाडीला लावून जाऊच नये.

रिम घेताना दिखाव्यापेक्षा वजन बघा. पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) आणि ऑफसेट (रिम हबवर किती आत-बाहेर बसते ते माप) जुळायलाच हवेत.

वर्षातून एकदोनदा जाणाऱ्याने रस्त्याचेच टायर ठेवावेत, उरलेले पैसे ब्रेक पॅड आणि ब्रेक फ्लुइडवर घालावेत. नियमित जाऊन लॅपटाइम कमी करू पाहणाऱ्याने सेमी-स्लिकचा वेगळा सेट घ्यावा.