जुन्या मॅसीचा स्टार्टर स्विच आणि सांगलीतलं एक दुकान, जिथं ‘डायरेक्ट’ करून देत नाहीत

ज्यांच्याकडं अजून जुना मॅसी १०३५ ट्रॅक्टर आहे आणि चावी फिरवली की कधी सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर) लागतो तर कधी नुसतं टक् करून गप बसतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. जरा लांबेल, पण वाचा.

दुकान सांगलीत शंभर फुटी रोडच्या बाजूला एका आतल्या गल्लीत आहे, ऑटो इलेक्ट्रिकचं. नाव-नंबर नेटवर टाकू नका, आधीच काम आवरत नाही असं मिस्त्रींनी स्वतःच सांगितलंय म्हणून टाकत नाही, पण त्या रोडला कुणालाही ‘जुन्या मॅसीचं वायरिंग कोण करतं’ विचारलं की तिथंच पाठवतात.

आमचा ट्रॅक्टर वडिलांच्या काळातला, तीन सिलिंडर सिम्पसन इंजिनचा, गाव भिलवडीच्या बाजूला कृष्णाकाठी. २०१९ च्या पुरात तो गोठ्याशेजारी उभा होता आणि पाणी पार सीटपर्यंत चढलं होतं, नंतर २०२१ ला परत पाणी आलं. इंजिन आम्ही तेव्हाच खोलून घेतलं, तेल-बिल सगळं बदललं, पण वायरिंगकडं कुणी बघितलं नाही कारण गाडी चालू होती. गेल्या थंडीपासून सेल्फ दगा द्यायला लागला. सकाळी ऊसतोडीच्या माणसांना घेऊन निघायचं आणि चावी फिरवली की काहीच नाही, मग उतारावर लावायचा, नाहीतर पोरं गोळा करून धक्का.

सांगलीला जायच्या आधी दोन ठिकाणी दाखवला, नावं घेत नाही. एकानं सांगितलं सेल्फ जळलाय, अख्खा नवीन घाला, आकडा ऐकून आम्ही परत आलो. दुसरा म्हणाला सोपंय, सेफ्टी स्विच (गाडी गिअरात असली की सेल्फ लागू न देणारा) काढून टाकतो, डायरेक्ट बटण बसवतो, परत त्रास नाही. वडील नको म्हणाले आणि बरं झालं.

आता ह्या मिस्त्रींनी काय केलं ते नीट सांगतो, कारण मला पैसे ह्याचेच द्यावेसे वाटले. पाना हातात घ्यायच्या आधी मीटर घेतला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल. मग मला म्हणाले, चावी मारा आणि धरून ठेवा. सेल्फ फिरला नाही आणि मीटरवरचा आकडाही जवळजवळ हलला नाही. तिथंच म्हणाले, “दादा, सेल्फ करंट ओढायला लागला की बॅटरी खाली बसायला पायजे, निदान दहा-साडेदहापर्यंत. इथं हलतच नाय. म्हणजे सेल्फपर्यंत काय पोचतच नाय. सेल्फला हात लावायचा नाय.” मग सोलेनॉइडच्या, म्हणजे चावीचा करंट आला की बॅटरी सेल्फला जोडणाऱ्या स्विचच्या, बारक्या टर्मिनलला मीटर लावून परत चावी मारायला लावली, तिथं जेमतेम सात व्होल्ट. दांडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, पीटीओ (मागची अवजारं फिरवणारा शाफ्ट) बंद हे स्वतः बघून त्यांनी बॅटरीवरनं सरळ एक वायर त्या टर्मिनलला टेकवली आणि सेल्फ असा घरघरला की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर आला. म्हणजे सेल्फ एकदम ठणठणीत, आणि आम्ही तो भंगारात घालायला निघालो होतो.

आधीच्या माणसानं टेस्ट लॅम्प लावून बघितला होता, बल्ब पेटला म्हणून ‘करंट येतोय, सेल्फच खराब’ असं सांगितलं. मिस्त्रींचं म्हणणं असं की बल्बला करंट लागतो किती, स्विचच्या आतल्या खराब पॉइंटमधनं पण तेवढा जातोच, सोलेनॉइडच्या कॉइलला त्याच्या कितीतरी पट लागतो आणि तो ओढायला गेला की पॉइंटवरच व्होल्टेज मरतं. म्हणून चेक करायचं ते लोड देऊन, चावी दाबून धरलेली असतानाच. हे ध्यानात ठेवा, कुठल्याही गाडीला लागू आहे.

मग ते हाय-लोच्या, म्हणजे जलद-संथ गिअर बदलायच्या, दांडीकडं वळले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मॅसीला ही दांडी मधे न्यूट्रलला असेल तरच सेल्फ लागतो, कारण गिअरबॉक्सच्या झाकणापाशी एक सेफ्टी स्विच असतो, त्याचा दट्ट्या दांडी न्यूट्रलला आली की दाबला जातो आणि मगच चावीचा करंट पुढं सोलेनॉइडला जातो. मिस्त्री एका हातानं दांडी हलवत होते आणि दुसरीकडं मीटरवर सात, नऊ, चार, शून्य असं नाचत होतं. स्विच काढून वर्तमानपत्रावर ठेवला तर आतनं मातकट गाळ निघाला, नदीचा, इतक्या वर्षांनी. पितळेच्या पॉइंटवर हिरवट थर, एका बाजूनं जळून खड्डा पडलेला आणि दट्ट्या इतका झिजलेला की अंगठ्यानं नीट दाबल्याशिवाय टेकतच नव्हता.

तो स्विच साफ करून परत बसवता आला असता, पण ते म्हणाले खड्डा पडलेला पॉइंट महिन्याभरात परत जळतो. लोकल स्विच समोरच्या दुकानात लगेच मिळत होता, तोही त्यांनी नको म्हटला, कारण दट्ट्याची लांबी बरोबर नसली तर एकतर न्यूट्रलला लागत नाही नाहीतर गिअरमधे पण लागतो. चांगला स्विच कोल्हापूरवरनं मागवला, त्यात वेळ गेला. बसवताना खाली पातळ वॉशर घालून उंची जुळवली. चावीचा स्विच पण ढिला झाला होता, तो बदलला, आणि मधे एक रिले (थोड्या करंटवर चालणारा वेगळा स्विच) घातला, म्हणजे सोलेनॉइडचा सगळा लोड चावीवर आणि सेफ्टी स्विचवर येत नाही. अर्थिंगची केबल काढून तिच्या टोकाचं लग पॉलिश पेपरनं चकचकीत केलं, वर ग्रीस. शेवटी दांडी हायला टाकून चावी मारली, लोला टाकून मारली, दोन्हीला सेल्फ गप. न्यूट्रलला पहिल्याच अर्ध्या फेरीत इंजिन पेटलं. हे चेक करताना मला आणि पोरांना चाकापासनं लांब उभं केलं होतं.

डायरेक्ट करून देता का असं एक गिऱ्हाईक माझ्यासमोरच विचारत होतं, त्याला सरळ नाही म्हणाले. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडं कितीतरी जुन्या ट्रॅक्टरचा हा स्विच काढून दोन वायरी पिळून टेप मारलेला असतो, मग कुणीतरी खाली उभं राहून स्क्रू ड्रायव्हरनं सेल्फचे बोल्ट शॉर्ट करतं आणि गाडी गिअरात असते. उभं कुठं राहतो आपण, तर मागच्या मोठ्या चाकाच्या बरोबर पुढं. आणि ह्या जुन्या डिझेल इंजिनाला चावी बंद करून काही होत नाही, स्टॉप ओढायलाच लागतो, तो वर सीटपाशी. तेवढा वेळ मिळत नाही माणसाला.

खर्च म्हणाल तर दोन्ही स्विच, रिले, केबलचं काम आणि मजुरी धरून दोन हजाराच्या आत. जुने पार्ट हातात दिले.

तक्रारी पण आहेत. गल्ली बारीक आहे, ट्रॉली घेऊन अजिबात जाऊ नका. फोन उचलत नाहीत. छापील बिल मिळत नाही, वहीच्या पानावर लिहून देतात. कारखान्याचा सीझन चालू असला की उसाच्या गाड्यांची रांग असते आणि शेतावर येऊन काम करत नाहीत. बसायला एक बाकडं, तेही उन्हात. आणि पार्ट मागवला की कधी येईल ते नक्की सांगत नाहीत, आमचं त्यात शेतात रोटर (रोटाव्हेटर) मारायचं काम लांबलं.

तरी पाचपैकी साडेचार. मिस्त्रींचा पोरगा पण शिकतोय, प्रत्येक टेस्ट आधी त्याला करायला लावतात आणि मग स्वतः बघतात. जाणार असाल तर सकाळी लवकर जा, बॅटरी रात्री फुल चार्ज करून न्या म्हणजे टेस्टिंगला वेळ जात नाही, आणि आधी कुणी वायरिंगमधे काही जोडाजोड केली असेल तर ते सुरवातीलाच सांगा, ते पहिला प्रश्न तोच विचारतात.