छपाईआधी पेन्सिल चालवणारे दुकान

पुतणीच्या लग्नाची पत्रिका आम्ही सोलापुरातील नव्या पेठेतल्या एका छोट्या दुकानात छापून घेतली. कागद व छपाई चांगली आहे. पण विशेष दाद द्यावी ती तिथल्या काकांच्या मुद्रितशोधनाला. व्याह्यांकडून आलेल्या मजकुरातील ‘सिध्देश्वर’, ‘आर्शिवाद’ आणि ‘सहकुटूंब’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढून त्यांनी समासात ‘सिद्धेश्वर’, ‘आशीर्वाद’ व ‘सहकुटुंब’ असे लिहून दाखवले. ग्रामदैवताच्याच नावात द आणि ध यांची अदलाबदल व्हावी, याचा त्यांना मनस्वी राग आहे, आणि गावातल्या पाट्या पाहता तो रास्तही वाटतो.

विचारल्याशिवाय मात्र ते काहीही बदलत नाहीत. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनुसार व्यक्तिनामातील शेवटचा इकार दीर्घ हवा, तरीही नवरी स्वतः ‘अदिति’ लिहिते म्हटल्यावर त्यांनी ते तसेच ठेवले. हा विवेक मला शुद्धतेच्या आग्रहापेक्षाही मोलाचा वाटतो.

उणीव एकच: कच्ची प्रत फक्त व्हॉट्सॲपवर येते आणि त्यातले बारीक ऱ्हस्व-दीर्घ मोबाइलवर नीट दिसत नाहीत, त्यामुळे ती कागदावर मागून घ्यावी.