होमिसाइड आणि द वायर: बाल्टिमोरच्या दोन गुन्हेमालिका

अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या ‘बाल्टिमोर सन’ या वृत्तपत्राचे वार्ताहर डेव्हिड सायमन यांनी १९८८ हे वर्ष तेथील खूनतपास पथकासोबत काढले, त्यातून १९९१ मध्ये पुस्तक आले आणि त्यावर एनबीसी या दूरचित्रवाहिनीची ‘होमिसाइड’ (१९९३–१९९९) बेतली गेली. उलगडलेल्या खुनांतील बळींची नावे फलकावर काळ्या आणि न उलगडलेल्यांची लाल अक्षरांत लिहिण्याची पथकाची रीत मालिकेत तशीच आली. तिचे खरेपण अशा तपशिलांत आहे. मात्र कथेचा आवाका बहुधा एका प्रकरणापुरताच राहतो.

‘द वायर’ (एचबीओ, २००२–२००८) सायमन यांनी स्वतः, पुढे शिक्षक झालेले माजी पोलीस तपास अधिकारी एड बर्न्स यांच्या साथीने घडवली. अमली पदार्थांचा बाजार, बंदर, नगरप्रशासन, शाळा आणि शेवटी खुद्द वृत्तपत्र अशा संस्था ती पाच पर्वांत तपासते, त्यामुळे खुनी कोण यापेक्षा गुन्ह्यांचे आकडे कागदावर कमी का दाखवले जातात, हा शोधपत्रकाराचा प्रश्न तिच्या केंद्रस्थानी येतो. गंमत अशी की, वृत्तपत्राचे पाचवे पर्वच मला सर्वांत एकांगी वाटते.

निवड करायचीच तर मी ‘द वायर’ निवडेन. चौकशीच्या खोलीतल्या जुगलबंदीसाठी मात्र ‘होमिसाइड’च पाहावी.