मे महिन्यातली सायकल: मरीन ड्राइव्ह की उत्तन?

मरीन ड्राइव्हवर सकाळी साडेपाचला रेसवाले घोळक्याने सुसाट निघतात. सपाट रस्ता, पुढच्याच्या मागे चिकटून राहिलं की वारा कापायची मेहनत बरीच वाचते, आणि ताकद कमी असली तरी वेग टिकतो. मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ (घाट सगळ्यात आधी चढणारा) व्हायची स्वप्नं इथेच पडतात, पण चढ? तो इथे नाहीच. शिवाय सिग्नल, आणि वांद्रे-वरळी सी-लिंकवर सायकलला बंदी.

दुसरा पर्याय बोरिवलीहून बोटीत सायकल चढवून गोराई, तिथून उत्तन या कोळ्यांच्या गावाकडे. झाडं, छोटे चढ, उन्हात वाळणारे बोंबील. (वास सोसवत नसेल तर येऊ नका.) वेग मोजावासा वाटतच नाही.

उन्हाळ्यात फरक घामाचा आहे. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. रेसच्या जोरात नाडी चढलेलीच राहते, घोळका थांबत नाही. उत्तनच्या रस्त्यावर सावलीत टेकता येतं, पाण्यात मीठ-साखर-लिंबू घालून निवांत पिता येतं. म्हणून मे महिन्यात माझं मत सरळ उत्तनला. शर्यतीचा सराव डिसेंबरात करा. फक्त सकाळी आठच्या आत परतीची बोट धरा.