अमेरिकेत मेडिकलला जायचंय: रुग्णांचा अनुभव घ्यायचा कुठे?

आपल्याकडे नीट द्यायची, ७२० पैकी किती पडले ते बघायचं आणि त्यावर कॉलेज ठरतं. अमेरिकेत मेडिकल कॉलेजच्या पदवीनंतर येतं आणि हे गणित चालत नाही, आणि इथे स्थायिक झालेल्या मराठी आईवडिलांनाही ते लवकर पटत नाही. मुलीचा जीपीए (कॉलेजातल्या गुणांची सरासरी) चांगला, एमकॅट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर चांगला, तरी मुलाखतीचं बोलावणं येत नाही. अर्ज उघडून पाहावा तर संशोधन आहे, शिकवण्या आहेत, नृत्याचा ग्रुप आहे, पण आजारी माणूस कुठेच नाही.

ॲम्कासच्या, म्हणजे बहुतेक मेडिकल कॉलेजांसाठीच्या सामाईक, अर्जात आपली कामं नोंदवायला १५ जागा असतात आणि त्यातली जास्तीत जास्त ३ सर्वांत महत्त्वाची म्हणून निवडता येतात. क्लिनिकल (म्हणजे रुग्णांमधली) स्वयंसेवा, पगारी क्लिनिकल काम आणि शॅडोइंग (डॉक्टरच्या मागे राहून नुसतं बघणं) यांचे प्रकार तिथे वेगवेगळे आहेत. त्यामुळे ओळखीच्या कार्डिऑलॉजिस्टच्या मागे आठवडाभर फिरलं म्हणजे झालं, असं होत नाही. शॅडोइंगमध्ये डॉक्टर दिसतो. रुग्णासाठी तुम्ही काय केलंत, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. मी सगळे पर्याय याच एका कसोटीवर तोलते: मूल रुग्णाच्या किती जवळ जातं आणि तिथे किती महिने टिकतं.

सगळ्यात सोपी वाट हॉस्पिटलातल्या स्वयंसेवेची. अर्ज, पार्श्वभूमीची तपासणी, टीबीची टेस्ट, लसींचे पुरावे, ओरिएंटेशन आणि मग आठवड्याला तीन-चार तासांची एक पाळी. अभ्यास सांभाळून सहज जमतं. पण सगळं युनिटवर अवलंबून आहे. गिफ्ट शॉपमध्ये किंवा चौकशीच्या टेबलावर वर्ष काढलं तर हाती फारसं काही लागत नाही. इमर्जन्सीत किंवा वॉर्डात मात्र मूल ग्लोव्हजचे डबे भरता भरता खोल्यांत जातं, कपाटातलं गरम ब्लँकेट आणून देतं, घरी निघालेल्या आजोबांना व्हीलचेअरवरून गाडीपर्यंत सोडतं. तेवढ्या वाटेत आजोबा जे बोलतात ते त्यांनी डॉक्टरांना सांगितलेलं असेलच असं नाही. म्हणून फॉर्म भरतानाच विचारायला सांगा, ‘रुग्णांच्या खोलीत जायला मिळेल का?’ नाही म्हणाले, तर हॉस्पिटलचं नाव कितीही मोठं असो, जवळचं छोटं हॉस्पिटल बघा.

दुसरा पर्याय हॉस्पिसचा, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या सेवेचा. आपल्या घरांत तो ऐकूनच नाकारला जातो, ‘एवढ्या लहान वयात मरण कशाला बघायचं?’ मला उलट वाटतं. विशीतल्या मुलाला लायसन्सशिवाय रुग्णाच्या इतकं जवळ बसू देणारी दुसरी जागा नाही. मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या नियमाप्रमाणे हॉस्पिसला पगारी माणसांच्या रुग्णसेवेच्या एकूण तासांच्या निदान ५ टक्के इतके तास स्वयंसेवकांकडून करून घ्यावे लागतात. त्यामुळे त्यांना माणसं खरोखर हवी असतात आणि प्रशिक्षणही तेच देतात. काम म्हणजे दर आठवड्याला एकाच माणसाकडे जाऊन बसणं. सांभाळणाऱ्या बायकोला दोन तास बाहेर पडता यावं, औषधाच्या दुकानात जाता यावं, नुसतं झोपता यावं, म्हणून. मूल वर्तमानपत्र वाचून दाखवतं, तीच गोष्ट चौथ्यांदा ऐकतं, कधी काहीच बोलत नाही. बरं करता येणार नाही अशा माणसाशी वागायचं कसं, हे कॉलेजात शिकवत नाहीत.

त्याला मर्यादाही आहेत. तिथे डॉक्टर क्वचितच दिसतो, त्यामुळे शॅडोइंग वेगळं करावं लागतं. आणि घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर घाई करू नका. बऱ्याच संस्था स्वतःच अशा वेळी वर्षभर थांबायला सांगतात.

ईएमटी (अँब्युलन्सवर तातडीची मदत करणारा) की सीएनए (नर्सच्या हाताखालचा सहायक), यात मुलं नेहमी अडकतात. ईएमटीचा कोर्स साधारण दीडशे तासांचा, वर परीक्षा. न्यू जर्सीसारख्या राज्यात गावोगावी स्वयंसेवकांची अँब्युलन्स पथकं आहेत, तिथे काम लवकर मिळतं. रक्तदाब घेणं, ‘कधीपासून दुखतंय, काय खाल्लं, कोणती औषधं चालू आहेत’ हे पटापट विचारणं आणि इमर्जन्सीतल्या नर्सला थोडक्यात सांगणं, ही सवय पुढे आयुष्यभर उपयोगी पडते. खासगी अँब्युलन्सच्या नोकरीत मात्र सायरनपेक्षा डायलिसिसच्या फेऱ्याच जास्त. त्या मी कमी लेखत नाही, रुग्णाशी निवांत बोलायला तिथेच मिळतं. पण कोर्स, परीक्षा, पथकात रुळणं यात सहज वर्ष जातं. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी सुरू करून लगेच अर्ज करायचा असेल तर हा नाद सोडा.

सीएनएसाठी केंद्र सरकारची किमान अट ७५ तासांच्या प्रशिक्षणाची आहे. बरीच राज्यं जास्त मागतात, कॅलिफोर्निया १६०. काम बहुतेक नर्सिंग होममध्ये. अंथरुणाला खिळलेल्या आजींना ठरावीक वेळाने कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. डायपर बदलायचं, अंघोळ घालायची, घास भरवायचा. कंबर मोडते. पण डॉक्टरीतलं वलय बाजूला काढल्यावर आजारी माणसाचं शरीर सांभाळण्याची आपली तयारी आहे का, हे इथे महिन्याभरात कळतं. ज्या मुलाला अजून स्वतःचीच खात्री नाही, त्याला मी ईएमटीआधी हे सुचवीन.

स्क्राइबचं थोडक्यात सांगते. डॉक्टर तपासत असताना नोंदी टाइप करायच्या. पगार बेताचा, पण वैद्यकीय भाषा आणि डॉक्टरचा विचार कसा चालतो हे इथल्याइतकं कुठेच शिकायला मिळत नाही. रुग्णाला मात्र हात लागत नाही. आता संभाषण ऐकून नोंद तयार करणारी सॉफ्टवेअर आली आहेत, तेव्हा या एकाच नोकरीवर सगळी योजना बांधू नका.

आपल्या घरांसाठी व्हिसाचा प्रश्न यात कळीचा आहे. मूल एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, असेल तर सीएनए, स्क्राइब किंवा ईएमटीची पगारी नोकरी बादच. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असेल तर कॅम्पसबाहेरच्या पगारी कामाला आधी परवानगी लागते. पगारी जागेवर ‘फुकट करतो’ म्हणणंही चालत नाही, काम मुळातच स्वयंसेवेचं हवं. अशा मुलांसाठी हॉस्पिटल आणि हॉस्पिस हेच सरळ मार्ग. तरीही आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला किंवा वकिलाला विचारून घ्या.

राहिलं काकांचं हॉस्पिटल. उन्हाळ्यात पुण्याला किंवा कोल्हापूरला पाठवायचं, ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहता येतं, काका प्रेमाने एखादा टाका घालू देतात. तो टाका अर्जात लिहिला तर तो मुलाच्याच विरोधात जातो. परदेशातल्या अशा अनुभवांबद्दल एएएमसी या अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची स्पष्ट मार्गदर्शक तत्त्वं आहेत: जे अमेरिकेत करायची मुभा नाही, ते बाहेर जाऊन रुग्णावर करू नये. शिवाय त्या रुग्णाला कुणी विचारलेलं नसतं, आणि मला स्वतःला तेच जास्त खटकतं. मुलांना जरूर पाठवा. सरकारी रुग्णालयाची ओपीडी त्यांनी एकदा बघायलाच हवी. पण तिथे त्यांनी मागे उभं राहून बघावं आणि अर्जात ते शॅडोइंग म्हणूनच लिहावं.

कॉलेजचं पहिलं-दुसरं वर्ष असेल आणि व्हिसाची अडचण नसेल, तर एका उन्हाळ्यात सीएनए किंवा ईएमटी आणि पुढे दोन वर्षं तेच. तिसरं वर्ष सुरू असेल तर आजच हॉस्पिसला फोन. अर्ज मे महिन्यात उघडतात, म्हणजे त्याआधी निदान वर्षभर सलग काम झालेलं बरं. आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवायला सांगा: तारीख, तास, काय घडलं, काय खुपलं. रुग्णाचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही त्यात नको. अर्जात प्रत्येक कामाला फक्त ७०० अक्षरं मिळतात, आणि दोन वर्षांनी त्यात काय लिहायचं ते या वहीतूनच सापडतं.